कोलेस्टेरॉल : एक शब्द, तीन खाती

कोलेस्टेरॉलविषयी मराठीत गेल्या चाळीसेक वर्षांत जे लोकप्रिय लेखन झाले, त्याचे ढोबळपणे दोन कालखंड पडतात. पहिल्या कालखंडात कोलेस्टेरॉल हा दरोडेखोर होता. अंड्याचा पिवळा बलक काढून टाका, तूप बंद करा, करडईचे तेल आणा, असा त्या लेखांचा सूर असे. दुसरा कालखंड अलीकडचा. त्यात हाच दरोडेखोर निर्दोष सुटलेला दिसतो आणि पिंजऱ्यात उभे असतात औषध कंपन्या, अमेरिकन संशोधक आणि रिफाइंड तेलाचे कारखानदार. तूप सन्मानाने ताटात परतते. ‘आजी सांगत होती तेच खरे’ हे वाक्य शेवटी हमखास येते.

या दोन्ही प्रकारच्या लेखांची कात्रणे मी जमवत आलो आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, उमेदीची सगळी वर्षे हिशेब तपासण्यात गेली. त्या कामाने एक खोड लावली : कुणी रक्कम सांगितली की व्हाउचर मागायचे. कोलेस्टेरॉलवरच्या लेखांत ज्या संशोधनांचे दाखले येतात, ते मूळ निबंध मिळवून वाचायला लागलो तो या खोडीपायी. वैद्यकाची परिभाषा शिकायला वेळ लागला. पण आकडे, तारखा आणि नमुन्याची निवड तपासायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

वाचल्यावर माझी तक्रार वेगळीच निघाली. दोन्ही कालखंडांतले लेखक परस्परविरुद्ध बोलतात, पण हिशेबातली चूक एकच करतात. ताटातले कोलेस्टेरॉल, रक्तातले कोलेस्टेरॉल आणि धमनीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल ही तीन वेगळी खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यावर टाकली की हवा तो ताळेबंद निघतो.

पदार्थ मुळात जुना. अठराव्या शतकात पित्ताशयातल्या खड्यांत तो फ्रान्समध्ये सापडला. पुढे शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून नाव दिले. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्तरस, ड जीवनसत्त्व, स्त्री-पुरुषांची संप्रेरके यांचा तो कच्चा माल आहे. तो शरीरात नीट बनत नाही अशी जन्मजात व्याधी घेऊन आलेल्या मुलांची शारीरिक-मानसिक वाढच खुंटते. म्हणून ‘कोलेस्टेरॉल शरीराला आवश्यक आहे’ हे विधान शंभर टक्के खरे आहे. मात्र हे विधान ज्या युक्तिवादाच्या सुरुवातीला वापरले जाते, त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. मेंदूत शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक असतो, हे सांगून ‘ते कमी केले तर मेंदू उपाशी राहील’ अशी भीती घालणारी तीन कात्रणे माझ्याकडे आहेत. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातले कोलेस्टेरॉल रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून आत जात नाही, हे त्या तिन्ही लेखांत नाही.

ताटातल्या खात्याचे बोलायचे तर तिथे पहिल्या कालखंडातले लेखक उघडे पडतात. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरच तयार करते आणि आहारातून जास्त आले तर बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन घटवते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आणि आठवड्याला तीनच बलक असा सल्ला दिला होता. अमेरिकी सरकारच्या २०१५ ते २०२० च्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून ती ३०० ची मर्यादा गेली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक लोकांनी बलक टाकून दिले, ते बऱ्याच अंशी चुकीच्या खात्यावर.

आपल्याकडे या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण डालड्याचे. मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. वनस्पतिजन्य तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेले. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नसल्यात जमा, त्यामुळे डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे छापले असते तरी ते खोटे ठरले नसते. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर आजही तसे छापलेले दिसते आणि त्यात बढाई मारण्यासारखे काही नाही; मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ लिहावे तसेच ते. पण वनस्पती तुपात ट्रान्स प्रकारची मेदाम्ले होती. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवले, की ही मेदाम्ले रक्तातले एलडीएल वाढवतात आणि एचडीएल घटवतात. ताटात शून्य, रक्तात वाढ. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. ‘कोलेस्टेरॉल नाही’ या दोन शब्दांच्या आड एवढे सगळे लपू शकते.

आता दुसऱ्या कालखंडाकडे. या लेखांचा आवडता आरोपी म्हणजे मिनेसोटाचे अँसेल कीज. कथा अशी सांगितली जाते : कीज यांच्यापुढे बावीस देशांची आकडेवारी होती, त्यातले सोयीचे सात देश त्यांनी निवडले, बाकीचे दडपले आणि सात देशांचा जगप्रसिद्ध अभ्यास छापून चरबीला फाशी दिली. ही कथा मी मराठीत निदान अकरा ठिकाणी वाचली आहे. व्हाउचर तपासले की ती टिकत नाही.

कीज यांचा तो आलेख १९५३ च्या एका निबंधात आहे आणि त्यात देश सहा आहेत : जपान, इटली, इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका. आहारातली एकूण चरबी आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा संबंध त्यात दाखवला होता. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलबो यांनी बावीस देशांची आकडेवारी मांडून दाखवले, की सगळे देश घेतले तर संबंध राहतो, पण बराच विरळ होतो. आणि चरबीपेक्षा प्राणिज प्रथिनांशी तो अधिक घट्ट दिसतो. टीका रास्त होती. कीज यांचा सात देशांचा अभ्यास सुरू झाला तो १९५८ मध्ये, म्हणजे या टीकेनंतर. तो सरकारी आकड्यांवर बेतलेला नव्हता. युगोस्लाव्हिया, इटली, ग्रीस, फिनलंड, नेदरलँड्स, अमेरिका आणि जपान येथील सोळा गटांतल्या १२,७६३ पुरुषांची प्रत्यक्ष तपासणी करून पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. या अभ्यासावर आक्षेप घ्यायला जागा आहेच. गट चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, जिथे सहकारी मिळाले तिथले घेतले. स्त्री एकही नाही. पण ‘बावीसमधले सात’ हा आरोप दोन वेगळ्या वह्या एकत्र शिवून तयार झाला आहे.

त्याहून गमतीचा भाग असा, की सात देशांच्या अभ्यासानेच सहा देशांच्या आलेखाला छेद दिला. क्रीट बेटावरचे शेतकरी भरपूर चरबी खात होते, एकूण उष्मांकांच्या जवळजवळ चाळीस टक्के, तरी त्यांच्यात हृदयविकार सर्वांत कमी. त्यांची चरबी ऑलिव्ह तेलाची. पूर्व फिनलंडमध्ये लोणी-दुधाची, आणि तिथे मृत्यूंचा कहर. एकूण चरबीचा मुद्दा मागे पडून चरबी कोणती हा प्रश्न पुढे आला तो इथून. शिवाय आहारातल्या कोलेस्टेरॉलने माणसाच्या रक्तात फारसा फरक पडत नाही, असे म्हणणाऱ्यांत पन्नासच्या दशकात खुद्द कीज होते. ज्यांच्या नावाने बलकाचे खापर फोडले जाते, त्यांनी बलकाला आधीच सोडून दिले होते.

कीज यांना झोडपून झाले की आपले लेखक एका भारतीय अभ्यासाकडे वळतात. रेल्वेतील डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर निबंध लिहिला. दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेच्या तुलनेत सातपट होते आणि चरबी मात्र उत्तरेचे लोक कितीतरी पट अधिक, एकोणीस पटींपर्यंत खात होते. तीही मुख्यत्वे तूप-दुधाची. निबंध मोलाचा आहे. त्या काळी एवढ्या मोठ्या संख्येने, एकाच मालकाकडे नोकरीला असलेल्या माणसांच्या नोंदी तपासणे ही सोपी गोष्ट नव्हती.

पण मराठी लेखांत त्यावरून ‘तूप खाणाऱ्याला हृदयविकार होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मी थबकतो. ज्या कारणासाठी कीज यांचा सहा देशांचा आलेख हास्यास्पद ठरवला, नेमके तेच कारण इथे लागू आहे. दोन प्रदेशांची सरासरी शेजारी ठेवली तर त्यांच्यात आहाराशिवाय शंभर गोष्टी वेगळ्या असतात : तंबाखू, कामाचे स्वरूप, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिण्याची रीत, इस्पितळ जवळ असणे किंवा नसणे. देशांची तुलना केली तर ती लबाडी आणि रेल्वे विभागांची केली तर तो पुरावा, हा न्याय कुठला? मल्होत्रांनी स्वतः सगळे श्रेय तुपाला दिलेले नाही. आंबवलेले दुधाचे पदार्थ, चावून खाण्याची सवय, आहारातला चोथा यांचा त्यांनी विचार केला होता. त्यांच्या निबंधातून तूप तेवढे काढून घेणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

तरीही संशयवाद्यांच्या हाती खरी नाणी अजिबात नाहीत असे नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या एका आढाव्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते. त्या आढाव्यात साखरेवरचा संशय हलका केला आणि चरबीवरचा गडद. हे २०१६ मध्ये कागदपत्रांनिशी उघड झाले. त्याच वर्षी मिनेसोटातल्या एका जुन्या प्रयोगाचे पुनर्विश्लेषण आले. १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालयांतल्या आणि एका वृद्धाश्रमातल्या नऊ हजारांहून अधिक माणसांवर तो झाला होता. संपृक्त चरबीऐवजी मक्याचे तेल दिले, कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. निष्कर्षांचा काही भाग १९८९ पर्यंत छापलाच गेला नव्हता, आणि उरलेले कागद एका संशोधकाच्या मृत्यूनंतर त्याच्या घराच्या तळघरात मिळाले. बऱ्याच रुग्णांवर प्रयोग अल्पकाळच झाला हे खरे. तरी गैरसोयीचा निकाल फळीवर पडून राहतो, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा. आहार आणि हृदयविकार यांचा पुरावा मला आजही ठिसूळ वाटतो.

इथवर लिहून बहुतेक लेख थांबतात आणि तिथेच माझा त्यांच्याशी वाद आहे. ताटाचे खाते ठिसूळ निघाले म्हणून रक्ताचे खाते आपोआप बुडीत ठरत नाही. रक्तातल्या एलडीएलविरुद्धचा पुरावा देशांच्या आलेखातून आलेलाच नाही.

तो कुठून आला ते पाहू. काही घराण्यांत दोन्ही पालकांकडून एक सदोष जनुक मुलाला मिळते. या मुलांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून चार ते सहा पट असते. यांतल्या काहींना शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येतो. त्यांनी सिगारेट ओढलेली नसते, रक्तदाब नसतो, मधुमेह नसतो, वयही नसते. असतो तो फक्त वाढलेला एलडीएल. टेक्सासमधल्या डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी सत्तरच्या दशकात दाखवले, की या मुलांच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारी खुंटीच नसते किंवा नादुरुस्त असते. त्यामुळे ते रक्तात फिरत राहते आणि धमन्यांत साचते. १९८५ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. हिशेबतपासनीस म्हणून मला याहून स्वच्छ व्हाउचर आठवत नाही.

उलटा पुरावाही निसर्गानेच ठेवलेला आहे. पीसीएसके९ नावाचे एक जनुक काही माणसांत जन्मतः निकामी असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत असे जनुक असलेल्या कृष्णवर्णीयांचे एलडीएल २८ टक्के कमी आढळले आणि पंधरा वर्षांत त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्के कमी. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या एका तरुणीचे एलडीएल केवळ १४ होते आणि तिची प्रकृती ठणठणीत. ‘कोलेस्टेरॉल फार उतरले तर शरीर मोडून पडते’ म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचे काय करायचे ते सांगावे. उतारवयातल्या अनेकांत कमी कोलेस्टेरॉल आणि मृत्यू एकत्र दिसतात, हे ते दाखवतात. पण कर्करोग, क्षय, यकृताचे विकार कोलेस्टेरॉल खाली आणतात. तिथे आजार आधी असतो, आकडा नंतर घसरतो.

औषधाची जन्मकथा आपल्या लेखांतून जवळजवळ बेपत्ता आहे, कारण कंपनीच्या कटाच्या गोष्टीत ती बसत नाही. जपानच्या अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेले अकिरा एन्दो लहानपणापासून बुरश्यांच्या नादी लागलेले. बुरशी इतर जीवांशी लढताना त्यांची कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये बनण्याची प्रक्रिया अडवत असेल, असा तर्क करून १९७१ पासून दोन वर्षे त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या. तांदळावरच्या एका निळसर हिरव्या बुरशीत हवे ते द्रव्य मिळाले. उंदरांना दिले तर काही परिणाम नाही! प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिले, कारण अंड्यासाठी त्या भरपूर कोलेस्टेरॉल बनवतात. कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले. पुढे याच जातीचे पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी कोलेस्टेरॉल चारून सशांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या होत्या, आणि उंदरा-कुत्र्यांत तसे होत नाही म्हणून त्यांना मोडीत काढले गेले. प्राण्याची निवड चुकली तर खरी गोष्ट खोटी ठरू शकते, हे दोन्हीकडे दिसते.

वैद्यकीय मुख्य प्रवाहालाही या विषयाने तोंडघशी पाडले आहे. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून एचडीएलचे गोडवे गायले गेले. ते सत्तर टक्क्यांनी वाढवणारे टॉर्सेट्रापिब हे औषध पंधरा हजार रुग्णांवर तपासताना औषध घेणाऱ्यांतच अधिक मृत्यू झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एचडीएल हे बहुधा प्रकृतीचे लक्षण आहे, कारण नव्हे. तरी ‘चांगले-वाईट’ ही जोडी आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांतून आणि लेखांतून हटत नाही.

हे सगळे वादासाठी वाद असते तर मी एवढा वेळ घालवला नसता. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना हृदयात स्टेंट बसवलेला. एका दिवाळी अंकातला लेख वाचून त्यांनी स्टॅटिनची गोळी बंद केली. लेख मला दाखवायला आले. त्यात कीज होते, बावीस देश होते, साखरेचे डॉलर होते, मल्होत्रा होते. ज्या चाचणीत त्यांच्यासारखीच माणसे होती, ती मात्र नव्हती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या त्या चाचणीत हृदयविकार आधीच असलेले ४,४४४ रुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत नकली गोळी घेणाऱ्यांतले २५६ दगावले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतले १८२. मी त्यांना हे दोन आकडे कागदावर लिहून दिले आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

कंपन्या या फरकाला ‘तीस टक्के घट’ म्हणतात. संशयवादी म्हणतात, शंभरात साडेअकरा जायचे ते आठ गेले, म्हणजे जेमतेम सव्वातीनाचा फरक. दोन्ही गणिते बरोबर आहेत. सुमारे तीस रुग्णांनी साडेपाच वर्षे गोळी घेतली की एक जीव वाचतो. जे निरोगी आहेत त्यांचे गणित निराळे पडते. १९९५ च्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत कोलेस्टेरॉल वाढलेले, पण आधी झटका न आलेले ६,५९५ पुरुष होते. तिथेही झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून तीस टक्क्यांच्या आसपासच घट झाली, पण एकूण मृत्यू शंभरात ४.१ वरून ३.२ वर आले. एका जिवामागे शंभरावर माणसे. मुख्याध्यापकांनी गोळी घ्यावी का, आणि कोलेस्टेरॉल थोडेसे वाढलेल्या, बाकी धडधाकट माणसाने घ्यावी का, हे म्हणून दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नावर डॉक्टरांशी घासाघीस करायला जागा आहे. पहिल्यावर मला ती दिसत नाही.

राहता राहिले दुष्परिणाम. या वर्गातले सेरिव्हास्टॅटिन स्नायू निकामी करते म्हणून २००१ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने एक सुंदर प्रयोग केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या : चार महिने खरी गोळी, चार महिने नकली, चार महिने रिकामी बाटली, क्रम उलटसुलट. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग नकली गोळीवरही झाला. अंगदुखी खोटी नव्हती. तिचे कारण गोळी घेतल्याच्या जाणिवेत होते, द्रव्यात नव्हते. ही जाणीव कोण पेरते, याचे थोडे उत्तर माझ्या कात्रणांच्या फाइलमध्ये आहे.

मल्होत्रांच्या निबंधाकडे मात्र पुन्हा एकदा जायला हवे. त्यातले ‘सातपट’ आणि ‘एकोणीस पट’ हे दोनच आकडे सगळे उचलतात. त्या नोंदी नोकरीत असलेल्या माणसांच्या होत्या, पंचावन्नच्या आतल्या. निवृत्तीनंतर गेलेला त्यांत येतच नाही. म्हणजे साठच्या दशकातही, रिफाइंड तेल आणि पिझ्झा यांच्या कितीतरी आधी, आपल्याकडची रेल्वेतली माणसे ऐन संसारात हृदयविकाराने जात होती. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या बावन्न देशांच्या इंटरहार्ट पाहणीतले आकडे २००७ मध्ये देशवार मांडले गेले. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ व्या. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे बिघडलेले प्रमाण ही कारणे इथेही तीच निघाली. फक्त लवकर हजर झालेली.